पुढचा खांदा

डॉक्टर मुकादमबाईंनी चौथा पर्याय सांगितला आणि सुयोग शितप खुर्चीत ताठ बसला. गेले दहा महिने ज्याला धड बसता येत नव्हतं, जो जेवणाचं ताट फळीवर ठेवून उभ्याने जेवत होता, तो माणूस ताठ बसला, म्हणजे बघा.

पहिले तीन पर्याय त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले होते. रत्नागिरीच्या त्या नव्या मणका केंद्रात समोरच्या भिंतीवर त्याच्याच कमरेचं चित्र झळकत होतं, दाराएवढं मोठं. दोन मणक्यांमधली गादी डाव्या अंगाला फुगून बाहेर आली होती आणि तिथून पायात उतरणारी नस तिने पार दाबून धरली होती. त्यामुळे कमरेपासून डाव्या अंगठ्यापर्यंत दिवसातून पन्नास वेळा तापलेली तार ओढल्यासारखी कळ जायची. खोकला आला तर विचारूच नका.

“एक, व्यायाम आणि गोळ्या,” बाई म्हणाल्या होत्या. “बहुतेकांची गादी काही महिन्यांत आपोआप आक्रसते. तुमची नाही आक्रसली. दोन, नसेजवळ इंजेक्शन. तीन, छोटं ऑपरेशन. फुगलेला तुकडा काढायचा, दुसऱ्या दिवशी घरी. मला विचाराल तर हेच करा.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि चार, साक्षी. ऑपरेशन नकोच असेल तर.”

ही साक्षी काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. नस म्हणजे विजेच्या बारीक बारीक ठिणग्या वाहून नेणारा धागा. दाबली गेलेली नस सारखी खोटी हाकाटी करत राहते. पाय भाजला, पाय चिरला, पाय गेला! पायाला खरं तर काहीच झालेलं नसतं. मणक्याशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली तर ती ही हाकाटी वाटेतच अडवू शकते. पण अडवायचं काय आणि सोडायचं काय, हे तिला कळणार कसं? सगळंच अडवलं तर पायाचं लाकूड होईल.

त्यावर २०४१ साली तोड निघाली. एका रक्ताच्या माणसांच्या नसांची लय पुष्कळशी सारखी असते, असं लक्षात आलं. मग रोग्याच्या नसेतली हाकाटी, जशी उठेल तशी, त्याच क्षणी जवळच्या नातेवाइकाच्या निरोगी नसेत सोडायची. निरोगी नस तिला कसं उत्तर देते ते चिप बघते आणि शिकते. त्या नातेवाइकाला म्हणायचं साक्षीदार.

“साक्षीदाराला दुखतं का?” सुयोगने विचारलं.

“दुखतं. वीस-वीस सेकंद, चार वेळा. तेवढंच.”

“पण किती?”

“तुम्हाला जेवढं, तेवढंच. कमी करून चालत नाही, चिप चुकीचं शिकते. त्याच्या हातात लाल बटण असतं. सोसेना तर दाबायचं, लगेच बंद. तुमची सख्खी बहीण आहे असं इथे लिहिलंय.”

“ती नाही यायची. तिला प्रेशर आहे,” सुयोग धडधडीत खोटं बोलला. “चुलतभाऊ चालेल? आमचे वडील सख्खे भाऊ.”

“निरोगी असेल तर चालेल.” बाईंनी त्याचा डावा अंगठा दोन बोटांत धरला. “हा वर ओढा. माझ्या हाताविरुद्ध. हं, ताकद आहे. आता नीट ऐका. ज्या दिवशी हा अंगठा ढिला पडेल, त्या दिवशी बाकीचे सगळे पर्याय संपले. मग थेट ऑपरेशन, तेही त्याच आठवड्यात. नाहीतर पाऊल कायमचं लुळं पडेल. कळलं?”

“कळलं,” सुयोग म्हणाला. त्याच्या डोक्यात मात्र ‘तेवढंच’ हा एकच शब्द घोळत होता. महेंद्रला तेवढंच दुखणार होतं!

हा महेंद्र कोण, तेही ऐका. संगमेश्वर तालुक्यात देवतळी म्हणून गाव आहे. शिमग्यात तिथल्या नवलाईदेवीची पालखी देवळातून निघते ती सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यापर्यंत, दोघे गडी खांद्यावर नाचवत आणतात. अनवाणी, ढोलाच्या ठेक्यावर, गरगर फिरवत. पुढच्या खांद्याचा मान शितपांच्या थोरल्या घराचा, म्हणजे सुयोगचा. मागचा धाकट्या घराचा, महेंद्रचा. वयाने महेंद्र पाच वर्षांनी मोठा, पण घर धाकटं. त्याने जन्मभर मागचाच खांदा द्यायचा.

गेल्या शिमग्यात सहाणेजवळच्या वळणावर पालखीचं सगळं वजन एकाएकी सुयोगच्या अंगावर आलं. मागे काहीच नव्हतं. तो कमरेत पिळवटला, गुडघ्यावर आला, पण देवीला त्याने जमीन लागू दिली नाही. त्याच पिळवटण्यात त्याची गादी सरकली. आठ दिवसांनी गावकी बसली तेव्हा महेंद्र उभा राहून सांगतो काय, तर सुयोगचा पाय लटपटला! आपण होतो म्हणून पालखी सावरली. आणि हे कमरेचं दुखणं म्हणजे चूक झाकायचं ढोंग आहे. चारचौघांनी ते खरं धरलं. पुढचा खांदा महेंद्रकडे गेला.

ढोंग! दहा महिने हा एक शब्द सुयोग चघळत होता. कळ आली की आधी महेंद्रचं तोंड दिसायचं आणि मग दुखायचं.

घरी आल्यावर रुचिताने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलंच. “काय म्हणाल्या बाई?”

त्याने साक्षीचं सांगितलं. महेंद्रचंही सांगितलं. रुचिताने हातातली मोरी धुवायची घासणी तिथेच टाकली.

“तुमच्या सख्ख्या बहिणीला सांगा, स्वप्नालीताई चिपळूणवरून धावत येतील आणि तुम्ही त्या मेल्याच्या दारात जाणार?”

“दारात कशाला जाऊ? चारचौघांत बोलावणार आहे त्याला.”

“तुम्हाला बरं व्हायचंय की त्याला रडवायचंय? एक काय ते सांगा!”

“दोन्ही,” सुयोग म्हणाला.  रुचिताला पुरतं ठाऊक होतं की हे अर्धंच खरं आहे.

पुढच्या रविवारी शिमग्याच्या तयारीसाठी देवळात गावकी बसली. भिकाजीअण्णा, म्हणजे गावचे सगळ्यात वयस्कर मानकरी, बोलायचे थांबले तसा सुयोग खांबाला धरून उठला. साक्षीची गोष्ट त्याने सगळ्यांना समजावून सांगितली. मग हात जोडून महेंद्रकडे वळला.

“दादा, मला भाऊ नाही. तूच माझा भाऊ. येशील ना साक्षीदार म्हणून?”

महेंद्र बावरला. आंब्याच्या कलमांची कामं पुढे करू लागला. पोरीची परीक्षा पुढे केली.

“वीस सेकंद रे,” सुयोग गोड आवाजात म्हणाला. “आणि माझं ढोंगच आहे, तर तुला काय दुखायचंय?”

देवळात कुणी तरी फिस्सकन हसलं. महेंद्रचे कान लाल झाले. नाही म्हणावं तर तो घाबरला असा अर्थ होत होता, किंवा त्याहून वाईट, सुयोगचं दुखणं खरं आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं असा. तो चांगलाच कात्रीत सापडला होता.

“येतो की,” तो म्हणाला. “घाबरतो काय?”

त्यानंतरच्या बुधवारी अंगणातून येताना सुयोगच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. त्याला कळलंसुद्धा नाही. रुचिताने दाखवल्यावर कळलं. गुरुवारी पुन्हा तेच झालं. पलंगावर बसून त्याने अंगठा वर ओढून बघितला. उचलला, पण झोपेतून उठल्यासारखा, कंटाळत.

“आत्ताच्या आत्ता बाईंना फोन लावा,” रुचिता म्हणाली.

“लावतो.”

त्याने फोन लावला नाही. लावला असता तर बाईंनी साक्षी रद्द करून त्याला त्याच दिवशी टेबलावर घेतलं असतं. पाच दिवसांवर आलेला महेंद्र हातचा गेला असता! पाच दिवसांत काय होतंय, असं त्याने मनाशी ठरवलं. माणूस सुडाने पेटला की त्याला स्वतःचा पायसुद्धा परका वाटतो, त्याला कोण काय करणार?

मंगळवारी दोघे मणका केंद्रात शेजारशेजारच्या पलंगांवर बसले, समोरासमोर तोंडं करून. सुयोगच्या कमरेत चिपला जोडलेली केसाएवढी सुई, डाव्या पायात तारांचा मोजा. महेंद्रच्या कमरेला जाड पट्टा, मुठीत लाल बटण. मुकादमबाई काचेपलीकडे पडद्यांसमोर होत्या. मोजा चढवून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, “अंगठा कसा आहे?” आणि सुयोगने सांगितलं होतं, “आहे तसाच आहे.” बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

“सुयोग, गुडघा हळूहळू सरळ करा. कळ सुरू झाली की तिथेच थांबा. पुढे जाऊ नका.”

त्याने पाय सरळ केला. कळ निघाली, आणि त्याच क्षणी समोर महेंद्रचा डावा पाय ताडकन उडाला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. आवाज फुटेना. डोळे असे काही मोठे झाले की सुयोगला स्वतःच्या कळेचा विसर पडला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला एकट्याला दुखत नव्हतं. काय सुख होतं ते!

वीस सेकंदांनी थांबलं. महेंद्र घामाने निथळत होता. “हे… रोज?” त्याने विचारलं.

“पन्नास वेळा,” सुयोग म्हणाला. “ढोंग आहे ना? बोल ना, ढोंग आहे ना?”

महेंद्र मान खाली घालून बसला. बटण मुठीत होतं, पण अंगठा त्याने बटणावरून बाजूला घेतला. ते सुयोगने पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. म्हणजे हा सोसून दाखवणार! नाचवताना जो आधी खांदा काढतो तो हरला, असं दोघांनाही लहानपणापासून शिकवलं होतं. इथे दवाखान्यात, तारा लावून बसल्यावरही दोघांच्या अंगात तीच रीत शिरली. डॉक्टरबाईंना बिचाऱ्यांना यातलं काय माहीत?

दुसऱ्या वेळी सुयोग कळ निघाली तिथे थांबला नाही. गुडघा पार सरळ केला, वर मान छातीला टेकवली. महेंद्र कण्हला. बटण दाबलं नाही.

“सुयोग! एवढं नको!” काचेपलीकडून आवाज आला.

“चुकून झालं, बाई.”

तिसऱ्या वेळी तो खोकला. खोकल्याने नसेवर सगळ्यात जास्त दाब येतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! एकदा खोकला, महेंद्र पलंगाच्या कडेला आदळला. दुसऱ्यांदा खोकला, महेंद्रने ओठ चावून रक्त काढलं.

“दाब,” सुयोग दातांतून म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दाब बटण. नाहीतर कबूल कर.”

महेंद्रने नकारार्थी मान हलवली. बाई खुर्चीवरून उठून दाराकडे धावल्या. त्या पोचायच्या आत सुयोगने छाती भरून श्वास घेतला आणि असा खोकला काढला की कमरेत काही तरी टचकन सुटलं. दोघेही एकदम ओरडले.

मग शांत झालं.

महेंद्रच आधी बोलला. “थांबलं,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “सुयोग, दुखायचं थांबलं रे! पार थांबलं. लागू पडली वाटतं चिप.”

सुयोगलाही काही दुखत नव्हतं. बाई दारातच थबकल्या होत्या. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्यांनी पुढे होऊन मोजा ओढून काढला.

“अंगठा वर करा.”

सुयोगने केला. निदान त्याला वाटलं की केला.

“वर करा, सुयोग.”

“केलाय की,” तो म्हणाला, आणि मग त्याने खाली पाहिलं. पाऊल लोंबत होतं.

गादीचा तुकडा फुटून नसेवर बसला होता. दुखणं थांबलं होतं ते नसच गप्प झाली म्हणून. पुढच्या पाच मिनिटांत धावाधाव झाली. पलंग ढकलत शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नेत असताना महेंद्र एका हाताने पट्टा सावरत बरोबर पळत होता.

“मी काढला खांदा,” तो धापा टाकत म्हणाला. “मुद्दाम काढला. अर्धा क्षण. सगळे तुझं नाव घेऊन ओरडत होते, माझं कुणी एकदा तरी घेतलं काय? एवढं होईल असं नव्हतं वाटलं, आईशप्पथ.”

सुयोगने ते ऐकलं. पाऊल लुळं पडलं होतं, तरी त्याच्या छातीत आनंदाने ढोल वाजत होते. खोटं कशाला सांगू?

ऑपरेशन नीट झालं. तुकडा निघाला, पाऊल मात्र उचललं नाही. मुकादमबाई रागाने लाल झाल्या होत्या. रुचिताने चपलेची गोष्ट त्यांना सांगून टाकली होती.

“नस मेलेली नाही, चेंगरलीय,” त्या म्हणाल्या. “तीन महिने लागतील, सहा लागतील. कदाचित कधीच नाही. रोज पाण्यात चालायचं. आणि ज्या दिवशी अंगठा केसभर जरी हलला, त्या दिवशी मला कळवायचं. लगेच विजेचे उपचार सुरू करता येतात, मग पाऊल परत येतं. आठ-दहा दिवस उशीर केलात तर नस पुन्हा झोपते, आणि मग तिला कुणी उठवू शकत नाही. या वेळी तरी खरं बोला.”

शिमग्याच्या आधी गावकी बसली. आता हे मानायलाच हवं, महेंद्र आपण होऊन उभा राहिला आणि देवीसमोर सगळं कबूल केलं. काही झाकलं नाही. सुयोगला उलट चीडच आली. हे त्याला स्वतः त्याच्या नरड्यातून ओढून काढायचं होतं. भिकाजीअण्णांनी पुढचा खांदा पुन्हा थोरल्या घराला दिला.

“घेतला,” सुयोग म्हणाला. डाव्या पोटरीला पट्ट्याचा आधार होता, आणि पालखीखाली पायात काही घालता येत नाही. “पण अण्णा, मला नाचवता येणार नाही. रीत आहे ना, मानकरी अंथरुणाला खिळला तर त्याच्या नावाने दुसऱ्याने खांदा द्यायचा?”

“आहे. गुरव नाव पुकारेल ते मानकऱ्याचं. खांदा देणाऱ्याचं नाव कुणी घ्यायचं नाही.”

“मग महेंद्रदादा देईल. माझ्या नावाने. दर शिमग्याला, माझा पाय उचलेपर्यंत.”

 महेंद्रने एकदा वर पाहिलं. त्याला कळलं. त्याचा सगळा जळफळाट ज्या एका गोष्टीचा होता तीच त्याच्या खांद्यावर ठेवली जात होती. देवीसमोर कबुली दिल्यावर नाही कसं म्हणणार?

होळीनंतर पालखी निघाली. गुरव ओरडला, “सुयोग शितपाचा खांदाऽऽ!” आणि सगळं गाव ओरडलं, “सुयोग शितपाचा खांदा!” पुढच्या दांड्याखाली महेंद्र होता. रक्त आटवून नाचवली त्याने पालखी, कधी नव्हे अशी. सहाणेपर्यंत चाळीस वेळा तरी नाव घेतलं गेलं, आणि प्रत्येक वेळी सुयोगचं. सुयोग सहाणेशेजारी खुर्चीवर बसला होता. त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला.

“आता तरी पोट भरलं?” रुचिताने विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता महेंद्र गाडी घेऊन दारात.

“चल. नदीवर. पाण्यात चालायला सांगितलंय ना तुला?”

“तुला रे काय पडलंय?”

“तुझा पाय उचलला की मी सुटलो,” महेंद्र सरळ म्हणाला. “वाकून नमस्कार करून सांगतो, मला परत ते नाव ऐकायचं नाही.”

तेव्हापासून तो रोज यायचा. एक दिवस चुकला नाही. गुडघाभर पाण्यात सुयोगला बगलेत धरून काठाकाठाने फिरवायचा, मग धोंड्यावर बसवून टाच हातात घेऊन पाऊल वर-खाली करायचा, शंभर वेळा. तोंडाने मोजायचा. दोघे एकमेकांशी फार बोलत नसत. फाल्गुन गेला, चैत्र गेला. रुचिता म्हणायची, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोय तो. सुयोगला ते ऐकवत नसे.

वैशाखातल्या एका सकाळी ऐंशी झाले होते. एरवी स्वच्छ असणारं पाणी महेंद्रच्या हातांनी गढूळ झालं होतं, त्यामुळे पाऊल दिसत नव्हतं. “एक्क्याऐंशी,” महेंद्र म्हणाला, आणि सुयोगच्या अंगठ्यात मुंगी चावल्यासारखं झालं. त्याने श्वास रोखला. पुन्हा प्रयत्न केला. अंगठा हलला! केसभर, पण त्याने हलवला म्हणून हलला. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, डोळे भरून आले. चार महिन्यांनी त्याचा स्वतःचा पाय त्याला सापडला होता.

महेंद्रला टाचेत काही तरी जाणवलं असावं. मोजायचं सोडून तो वर बघू लागला. उन्हाने रापलेला, थकलेला चेहरा, आणि डोळ्यांत अशी काही आशा की बघवेना.

“हलला काय रे?” त्याने विचारलं. “खरं सांग. मला लागलं हाताला.”

सुयोग त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मनात आलं, आता बाईंना फोन, मग उपचार, मग पाऊल परत. आणि पुढच्या शिमग्याला गुरव पुकारेल तेव्हा हा कुठे तरी गर्दीत मोकळा उभा असेल, पानाची पिंक टाकत, सगळं विसरून.

“कुठे काय,” तो म्हणाला आणि पाऊल वाळूत घट्ट रोवलं. “तुझे हात थरथरतायत. मोज पुढे.”

महेंद्रने मान खाली घातली. “ब्याऐंशी,” तो म्हणाला.

शुक्रवारी मुकादमबाईंचा फोन यायचा होता. त्यांना काय सांगायचं, ते सुयोगने तिथेच गुडघाभर पाण्यात ठरवून टाकलं.